डिस्क बदलली, लॅपटॉप का सुरू होईना?

घरातला जुना लॅपटॉप फार मंद झाला, की पुष्कळजण त्यातील हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवतात. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधील चकती बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेते, आणि हवी ती माहिती वाचक टोकाखाली येईपर्यंत संगणकाला थांबावे लागते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, म्हणून काम झटपट होते. पण कधी कधी नवी डिस्क बसवून कळ दाबली, की काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढीच ओळ उमटते. शिष्यवृत्तीची कागदपत्रे, शाळेचा प्रकल्प, घरचे फोटो सगळे गेले असे वाटून पोटात गोळा येतो. विद्यार्थी मित्रांनो, अशा वेळी घाबरू नका. ती ओळ बरेच काही सांगत असते. ते समजण्यासाठी संगणक सुरू होतो म्हणजे काय होते, हे आधी पाहू या.

कळ दाबण्यापूर्वी संगणकाच्या कामाच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, काहीही नसते. रॅममधील प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरवरील विद्युत प्रभाराच्या रूपात असतो. हा प्रभार सतत झिरपतो. म्हणून साधारणपणे ६४ मिलिसेकंदांत तो एकदा पुन्हा भरावा लागतो. वीज बंद झाली की सारे पुसले जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकाची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कड्यांचे चुंबकत्व विजेवाचूनही टिकते. आजची रॅम त्या मानाने कितीतरी वेगवान, पण विसरभोळी!

मग डिस्क कशी वाचायची, ही सूचनाही डिस्कवरच असेल तर ती वाचणार कोण? यासाठी लॅपटॉपच्या मुख्य बोर्डवर, वीज नसतानाही न विसरणारी एक चिप असते. कळ दाबताच प्रोसेसर पहिली सूचना तिच्यातून घेतो. रॅम, कळफलक, डिस्क यांची तपासणी होते. येथे चिपचे काम जवळजवळ संपते.

पुढचा भाग आमच्या बडनेऱ्याच्या उदाहरणाने समजेल. मुंबई-नागपूर हा मुख्य लोहमार्ग बडनेऱ्यावरून जातो. अमरावती त्या मार्गावर नाही. ती सुमारे १० किलोमीटरच्या फाट्यावर आहे. चिप आपल्याला बडनेऱ्यापर्यंत आणून सोडते. विंडोज किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली म्हणजे अमरावती. मधला फाटा म्हणजे ‘बूट लोडर’ हा छोटा प्रोग्रॅम. अमरावती जागच्या जागी असली, तरी फाटाच नसेल तर प्रवासी फलाटावरच बसून राहील.

हा फाटा शोधण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत चिप डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा भाग वाचते. त्यातील शेवटचे दोन बाइट ८५ आणि १७० असावे लागतात. द्विमान पद्धतीत ते ०१०१०१०१ आणि १०१०१०१० असे दिसतात. ही खूण नसेल, तर डिस्क सुरुवातीस निरुपयोगी ठरते. नव्या, म्हणजे यूईएफआय पद्धतीत, डिस्कवर एक लहान स्वतंत्र कप्पा असतो आणि त्यात बूट लोडरची फाइल असते. तिचा पत्ता बोर्डवरील स्मृतीत नोंदलेला असतो. त्या पत्त्यात कप्प्याचा ओळख क्रमांकही असतो. नव्या डिस्कवरील क्रमांक वेगळा असला, तर जुना पत्ता चुकीचा ठरतो. नक्कल करताना फक्त मोठा कप्पा उतरवला आणि हा लहान कप्पा राहिला, तरी तोच परिणाम.

आता दोष शोधू. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, पडद्यावर काहीच येत नाही? मग प्रश्न वीजपुरवठ्याचा किंवा काम करताना सैल झालेल्या रॅमपट्टीचा असू शकतो. कंपनीचे नाव दिसते, पण डिस्क सापडत नाही? सुरुवातीलाच एफ-२ किंवा कंपनीने ठरवलेली कळ दाबून सेटअपमध्ये जा आणि यादीत डिस्कचे नाव पाहा. नाव नसेल तर जोडणी सैल असेल किंवा डिस्कचा प्रकार चुकला असेल. एम-२ आकाराच्या एसएसडी दिसायला सारख्या असतात, पण काही साटा पद्धतीने बोलतात, तर काही एनव्हीएमई पद्धतीने. नाव आहे, पण वरची ओळ येते? मग दोष फाट्याचा: डिस्क कोरी आहे, नक्कल अपुरी आहे, किंवा सेटअपमध्ये जुनी-नवी पद्धत जुळत नाही. कार्यप्रणालीचे चिन्ह दिसून मग अडते? तर नक्कल सदोष असेल किंवा सेटअपमधील डिस्कची कार्यपद्धती बदलली असेल.

सर्वांत उपयोगी प्रयोग सोपा आहे. जुनी डिस्क परत बसवून पाहा. लॅपटॉप सुरू झाला, तर बोर्ड, रॅम आणि पडदा बहुतेक ठीक आहेत. दोष नव्या डिस्कच्या बाजूला आहे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या, तर कशामुळे फरक पडला हे कळणार नाही. प्रयोगशाळेतही आपण हेच करतो.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. नव्या डिस्कवरून लॅपटॉप नीट चालेपर्यंत आणि सर्व फाइली उघडून पाहीपर्यंत जुनी डिस्क पुसू नका. तुमची माहिती अजून तिच्यावरच असते. डिस्क सांकेतिक कुलपाने बंद केलेली असेल, तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा. दुसरी गोष्ट स्थिर विद्युतची. वऱ्हाडातल्या कोरड्या हवेत नायलॉनचे कपडे घासून अंगावर प्रभार साठतो. ठिणगीचा चटका आपल्याला साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे जाणवतो. चिप त्याहून कितीतरी कमी दाबाने बिघडू शकते. म्हणून चार्जर काढा, आतली बॅटरी सोडवा आणि डिस्कला हात लावण्यापूर्वी जमिनीत पुरलेल्या एखाद्या धातूच्या नळाला स्पर्श करा.

शाळेच्या संगणककक्षात, शिक्षकांच्या परवानगीने, एक निरीक्षण करा. कळ दाबल्यापासून कंपनीचे नाव, कार्यप्रणालीचे चिन्ह आणि शेवटी कामाचा पडदा किती सेकंदांनी येतो, ते वहीत लिहा. चिपचे काम कुठे संपले आणि डिस्कवरील प्रोग्रॅमचे कुठे सुरू झाले, हे त्या नोंदीवरून ओळखता येते का, पाहा.