चित्रात न दिसणारा तळ

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज रंगवलेले आहे. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच आणि अरुंद शिडे, नाळेवर डोळा, मागच्या बाजूला मोठ्या वल्ह्यासारखे सुकाणू आणि ओळीने मांडलेले रांजण. कथा पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची. तो शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराला गोष्ट सांगायची होती. जहाज पाण्याखाली किती खोल आहे, तळ गोल आहे की निमुळता, आत वाकाची लाकडे किती अंतरावर आहेत, याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हते. त्याने जे काढले नाही ते शोधण्यात आपली अलीकडची काही वर्षे गेली. समुद्रापासून एवढ्या लांब, परभणीत, टेबलावर याच जहाजाची छोटी प्रतिकृती करत बसल्यामुळे त्या शोधाकडे माझे जरा जास्तच लक्ष होते.

चित्राला लेण्याबाहेर आणायला बराच काळ लागला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या नकला करायला सुरुवात केली. विलायतेला पाठवलेल्या त्या नकलांपैकी बऱ्याच 1885 च्या आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांच्या नकलांचेही 1866 मध्ये तेच झाले होते. अजिंठ्याच्या नकलांच्या कपाळी आगच लिहिलेली असावी. तरी ग्रिफिथ्स यांचे मोठे ग्रंथ 1896-97 मध्ये छापून झाले, आणि राधाकुमुद मुखर्जी यांनी 1912 मध्ये भारतीय नौकानयनावर पुस्तक लिहिले तेव्हा या जहाजाला त्यात मानाची जागा मिळाली. तेव्हापासून ते शाळेच्या पुस्तकांत आणि दिवाळी अंकांत येतच राहिले. नेहमी एकाच बाजूने दिसणारे, सपाट. दरम्यान अजिंठा आणि परभणी दोन्ही निजामाच्या राज्यात होते. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने 1920 च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावून भिंतींवरचा रंग सावरून घेतला. तो सावरला नसता तर आज नाळेवरचा डोळा तरी दिसला असता का, शंका आहे.

मराठवाड्याचा आणि जहाजांचा संबंध तसा जुना, पण आडवळणाचा. आमच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेडवरून जाणारी गोदावरी वरच्या अंगाला पैठणजवळून येते. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे, पण ती नाणी सापडली मुख्यतः पूर्व किनाऱ्याकडे. पैठण आणि तेरचा माल समुद्राला मिळायचा तो बैलगाडीने. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचे अकीक आणि तेरचे कापड गाड्यांतून भडोचला कसे जाई याची नोंद आहे. म्हणजे आमच्या पूर्वजांनी जहाज भरले, पण बहुतेकांनी ते पाहिले नसावे. जनाबाईंच्या गंगाखेडात आजही समुद्र भेटतो तो मुख्यतः कीर्तनात, भवसागर म्हणून.

जुलै 2023 मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात अजिंठ्याचे हे जहाज प्रत्यक्ष बांधण्याचा करार झाला. कल्पना अर्थतज्ज्ञ संजीव सन्याल यांची. कंपनी रत्नाकर दांडेकरांची. त्यांनीच पूर्वी नौदलासाठी ‘म्हादेई’ बांधली होती, जिच्यावरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. दोन्ही बोटी शिडाच्या, हे सोडले तर पहिल्या अनुभवाचा दुसऱ्या कामात किती उपयोग झाला असेल कोण जाणे. म्हादेई लाकूड आणि फायबरग्लास यांची होती. या नव्या जहाजात फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या होत्या आणि खिळा मारायचा नव्हता. सप्टेंबर 2023 मध्ये कण्याचे लाकूड बसवले गेले. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली शिवण सुरू झाली.

माझी प्रतिकृतीही त्याच सुमारास सुरू झाली. पन्नासास एक या प्रमाणात. जहाज सुमारे 20 मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद; म्हणजे टेबलावर 40 सेंटिमीटर आणि 13 सेंटिमीटर. वरवर हे सोपे वाटते. अडचण आली ती पुस्तकांची. जहाजांच्या प्रतिकृती करायला शिकवणारी बहुतेक पुस्तके आणि तयार संच युरोप-अमेरिकेतले आहेत आणि त्यांचे लाडके जहाज म्हणजे स्कूनर, त्यातही कॅनडाची ‘ब्लूनोज’. 1921 मध्ये नोव्हा स्कोशियात पाण्यात उतरलेली ही दोन डोलकाठ्यांची मासेमारी बोट 1937 पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर आहे. सातवाहन राजे आणि कॅनडाची टांकसाळ, दोघांनाही जहाज नाण्यावर घालावेसे वाटले, हे मला फार आवडते.

स्कूनरची पद्धत अशी की आधी कणा ठेवायचा, त्यावर बरगड्यांसारखी वाकाची लाकडे उभी करायची आणि मग त्यांवर फळ्या ठोकायच्या. आकार वाकांतून येतो, फळ्या त्याला फक्त झाकतात. शिवलेल्या जहाजात हे सगळे उलटे. आधी फळीला फळी शिवत कवच वर चढवायचे, आतला आधार नंतर त्या कवचाच्या मापाने बसवायचा. आकार फळ्यांतच असतो. वाफेवर मऊ करून वाकवलेली एक फळी चुकली तर तिच्या वरची प्रत्येक फळी चुकीच्या जागी जाते. त्यामुळे स्कूनरची पुस्तके शीड आणि दोऱ्या कशा ओढायच्या यापुरतीच कामाची ठरली. अर्थात अजिंठ्याच्या शिडांचा स्कूनरच्या शिडांशी काही संबंध नाही, तेव्हा तिथेही फारशी नाहीत.

फळ्यांचे गणित मजेदार आहे. खऱ्या जहाजावरची 4 सेंटिमीटरची फळी धरली तर पन्नासाव्या भागात ती एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची होते. ती सुतार कापून देत नाही, वखारवाला तर हसतो. शेवटी फर्निचरच्या दुकानातून सागाचे व्हिनियर आणावे लागले. 8 मिलिमीटरची दोरी आपल्या शिवणाच्या दोऱ्याएवढी होते. ते बरे झाले. पण भोके? खऱ्या जहाजात टाके फळीच्या कडेपासून जरा आत घेतात, टाक्याखाली काथ्याची उशी ठेवतात, दोर ताणून आवळतात आणि भोके बुजवून वर राळ आणि तेलाचा लेप देतात. व्हिनियरला तसे आवळले की ते रेषेत चिरते, कारण लाकडाच्या रेषा पन्नासपट लहान होत नाहीत. लेपही साध्या फेविकॉलचाच द्यावा लागला. त्यात भर म्हणजे आमचा उन्हाळा. मे महिन्यात परभणीची हवा लाकडातला उरलासुरला ओलावा ओढून घेते आणि जोड उघडतात. खरे जहाज पाण्यात उतरले की लाकूड फुगून सांधे घट्ट होतात. टेबलावरच्या जहाजाला ही सोय नाही.

पण या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न पहिल्याच दिवशी आला होता आणि तो नौदलापुढेही होता. तळ कसा? चित्रात तो नाहीच. 2010 मध्ये ओमानहून सिंगापूरला गेलेले ‘ज्युएल ऑफ मस्कत’ हेही शिवलेलेच जहाज. पण त्याच्या बांधकामाला आधार होता. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ 1998 मध्ये सापडलेले नवव्या शतकातले बुडालेले जहाज, म्हणजे खरी लाकडे आणि खरे टाके. अजिंठ्याच्या जहाजाचा असा सांगाडा कुठे मिळालेला नाही. म्हणून अंदाज करायचा आणि तो तपासायचा. तपासण्यासाठी आयआयटी मद्रासच्या महासागर अभियांत्रिकी विभागात प्रतिकृतीवर चाचण्या झाल्या. डोलकाठ्यांच्या ताकदीची तपासणी नौदलाने स्वतः केली.

प्रतिकृती पाण्यात ओढून जहाजाची वागणूक सांगता येते, हे पक्के केले ते इंग्रज अभियंता विल्यम फ्रूड यांनी. 1872 च्या सुमारास त्यांनी टॉर्के गावात घराजवळ लांबलचक हौद बांधला. नियम असा की वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरायचा. समजा प्रतिकृती वीसास एक आहे. जहाज 20 मीटरचे, प्रतिकृती 1 मीटरची. वेग मात्र वीसपट कमी होत नाही, साडेचारपट कमी होतो. वजन आठ हजारपट. असे ओढले की लाटा खऱ्यासारख्या उठतात. टेबलावरच्या माझ्या खेळण्यात आणि मद्रासच्या हौदातल्या प्रतिकृतीत फरक हाच. माझी दिसायला खरी असली की झाले. त्यांची पाण्यात खरी वागली पाहिजे, दिसायला कशीही चालेल. एक मात्र सारखे आहे. दोन्ही ठिकाणी चित्रकाराने टाळलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. फळी बसवायची तर ती कुठे तरी संपली पाहिजे.

फेब्रुवारी 2025 मध्ये जहाज गोव्यात पाण्यात उतरले. 21 मे 2025 रोजी कारवारच्या तळावर ते नौदलात दाखल झाले आणि त्याला ‘कौंडिण्य’ हे नाव मिळाले, आग्नेय आशियात गेल्याचे सांगतात त्या दंतकथेतल्या दर्यावर्द्याचे. शिडांवर गंडभेरुंड आणि सूर्य, नाळेवर सिंहयाळी, डेकवर हडप्पा धाटणीचा दगडी नांगर. ही सजावट मला जरा जास्त वाटली. पाचव्या शतकाच्या जहाजावर तीन-चार निरनिराळ्या काळांची हजेरी लागली आहे. वर्तमानपत्रांनी ‘पाचव्या शतकातले जहाज पुन्हा अवतरले’ असे मथळे दिले. ते खरे नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. हे एकविसाव्या शतकातले जहाज आहे. पाचव्या शतकातल्या एका चित्रावरून, केरळच्या हातांतल्या कसबावरून आणि हौदातल्या आकड्यांवरून केलेला हा तर्क आहे, आणि तर्क तरंगला की नाही हे समुद्रच ठरवणार होता.

तो तरंगला. 29 डिसेंबर 2025 रोजी कौंडिण्य पोरबंदरहून मस्कतकडे निघाले आणि जानेवारी 2026 च्या मध्यात पोचले. इंजिन नाही, चौकोनी शिडे आणि मागे सुकाणूची वल्ही. आजच्या बहुतेक खलाशांनी कधी हाताळलेली नाहीत अशी.

माझ्या प्रतिकृतीची शिडे अजून चढलेली नाहीत, कारण सुकाणूच्या वल्ह्यांपाशी काम अडले आहे. ती कवचाला कशी बांधायची, लाटेत किती हलू द्यायची, हे बातम्यांतल्या फोटोंवरून कळत नाही. नौदलाने आता या जहाजाचे रेषाचित्र, हौदातले आकडे आणि मस्कतच्या वाटेवरची नोंदवही छापावी. वारा कोणत्या कोनात असताना जहाज किती सरकले, शिवण किती सैल पडली, रोज किती पाणी उपसावे लागले, एवढे तरी. ग्रिफिथ्स यांच्या नकला जळूनही चित्र लेण्याबाहेर पोचले ते पुस्तक छापले गेले म्हणून. कौंडिण्यच्या सुंभाच्या टाक्यांचे आयुष्य त्या रंगाहून नक्कीच कमी आहे, तेव्हा ही मोजमापे लवकर घेतलेली बरी.