संशोधनाच्या वजावटीची कैफियत

नवे औषध अथवा नवे इंजिन शोधू पाहणाऱ्या कारखानदाराला वर्षानुवर्षे अशा कामात पैसा ओतावा लागतो, की ज्याची फलनिष्पत्ती अनिश्चित असते आणि फळ हाती आलेच तर त्याचा बराचसा लाभ प्रतिस्पर्ध्यांच्या व समाजाच्या पदरी पडतो. म्हणूनच अनेक राष्ट्रांनी संशोधनखर्चास प्राप्तिकरात सवलत दिलेली आहे. ही सवलत टिकावी म्हणून उद्योगांनी सरकारदरबारी मांडलेल्या कैफियती हा माझ्या दीर्घ व्यासंगाचा विषय असून, अर्थसंकल्पापूर्वी वाणिज्य मंडळे सादर करतात ती निवेदने मी कादंबरीच्या गोडीने वाचीत आलो आहे.

अमेरिकेची हकीकत थोडक्यात अशी : १९८१ साली तेथे वाढीव संशोधनखर्चावर २५ टक्के करसूट मिळाली, पण ती मुदतीची होती, मुदत संपावी, उद्योगांनी तगादा लावावा आणि काँग्रेसने ती वाढवावी, असे चक्र २०१५ पर्यंत चालले, तेव्हा कोठे ती कायम झाली. पुढे २०१७ च्या कायद्याने संशोधनखर्चाची पूर्ण वजावट त्याच वर्षी घेण्याची मुभा २०२२ पासून काढून घेतली आणि देशांतर्गत खर्च पाच वर्षांत, तर परदेशी खर्च पंधरा वर्षांत विभागण्याचा दंडक घातला. जुलै २०२५ मध्ये देशांतर्गत खर्चापुरती ती मुभा परत मिळाली. परदेशी संशोधनाची पंधरा वर्षे मात्र तशीच राहिली, आणि अमेरिकी कंपन्यांची संशोधनकार्यालये ज्या पुण्यात आहेत तेथे या तपशिलाची जाण असणे अगत्याचे आहे.

माझे मन रमते ते आपल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ३५(२एबी)मध्ये. १९९७ च्या वित्त अधिनियमाने आलेल्या या कलमान्वये कंपनीने स्वतःच्या मान्यताप्राप्त संशोधनशाळेत केलेल्या खर्चावर प्रारंभी सव्वापट, पुढे दीडपट आणि २०१० च्या अर्थसंकल्पानंतर दुप्पट वजावट मिळू लागली. म्हणजे शंभर रुपये खर्चणाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून दोनशे रुपये वजा होत आणि ३० टक्के दराने अधिभार वगळता तीस रुपयांचा जादा कर वाचे. जमीन व इमारत यांची किंमत या हिशेबात धरली जात नसे. २००९ मध्ये ही सवलत बहुतेक सर्व उत्पादक उद्योगांना खुली झाली, परंतु अकराव्या परिशिष्टातील जिन्नस वगळण्यात आले. आणि त्या यादीत मद्य व तंबाखू यांच्या पंगतीला टूथपेस्ट, चॉकलेट, पोलादी फर्निचर व बाटल्यांची बुचे बसलेली पाहून, कोणते कुतूहल राष्ट्रोपयोगी आणि कोणते नव्हे हे शासन कसे ठरविते, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

भोसरीतील एका मध्यम कारखान्याची संशोधनशाळा पाहण्याचा योग आला, तेव्हा पंपाच्या चाचणीइतकेच तेथील दफ्तर मला विलोभनीय वाटले. नमुना ३सीके हा अर्ज, ३सीएम ही मंजुरी, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाने प्राप्तिकर खात्याकडे धाडावयाचा ३सीएल हा अहवाल, आणि संशोधनखर्चाच्या स्वतंत्र खातेवह्या, असा तो सरंजाम होता. तेथील वयोवृद्ध हिशेबनीस मला म्हणाले, ‘‘साहेब, या वह्या ठेवायला लागल्यापासून संशोधनावर आपण नेमके काय खर्चतो ते मालकांना प्रथमच कळले.’’ सवलतीचा हा अप्रत्यक्ष लाभ निवेदनांत क्वचितच येतो, याची मला खंत वाटते.

कंपनीकर ३० वरून २५ टक्क्यांवर आणून सवलती आवरण्याचे धोरण २०१५ मध्ये जाहीर झाले, आणि त्या नोव्हेंबरात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ही वजावट १ एप्रिल २०१७ पासून एकपटीवर आणण्याचा प्रस्ताव हरकतींसाठी मांडला. उद्योगसंघटनांनी निवेदने दिली; आणि २०१६ च्या अर्थसंकल्पात दुप्पट एकदम एकपट न होता मार्च २०२० पर्यंत दीडपट राहिली. यामागे अन्य विचारही असतील, तथापि ही तीन वर्षांची तहकुबी हे त्या कैफियतींचे फळ होते, असे माझे मत आहे. दुप्पट वजावटीमुळे साध्या खर्चालाही संशोधनाचा मुलामा देण्याचा मोह होतो, हा खजिन्याचा आक्षेप मला मान्य आहे. त्यावरचा उपाय मात्र कसोशीच्या तपासणीत आहे.

मुदत संपण्यापूर्वीच, सप्टेंबर २०१९ मध्ये, अशा सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना २२ टक्के दराचा पर्याय मिळाला, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तेथेच कैफियतीचे बळ ओसरले. कारण ज्याने कमी दर पत्करला त्याला वजावटीसाठी भांडण्याचे प्रयोजन उरले नाही. २०२० पासून शंभर रुपयांना शंभरच वजा होतात. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती स्वागतार्ह आहे. परंतु तिचा भर दीर्घ मुदतीच्या भांडवलावर असल्याने, स्वतःच्या गल्ल्यातून दरसाल थोडाथोडा खर्च करणाऱ्या भोसरीच्या कारखानदाराची गरज ती भागवीलच असे नाही.

संशोधनावरील आपला राष्ट्रीय खर्च सकल उत्पादनाच्या एक टक्क्याच्याही आत रेंगाळत असताना वाणिज्य मंडळांनी दुप्पट की दीडपट या घासाघिशीत शक्ती दवडू नये. लहान व मध्यम कारखान्यांसाठी माफक, पण दहा वर्षे अढळ राहील अशी वजावट मागावी, आणि तिच्या बदल्यात कोणत्या खर्चातून काय निपजले याचा जाहीर ताळेबंद दरसाल देण्याची हमी आपण होऊन द्यावी, कारण अशी हमी देणाऱ्या अर्जदाराला नकार देणे कोणत्याही अर्थमंत्र्याला जड जाईल.