नांदणं असो वा फारकत, निर्णय दोघांचा

नवरा-बायकोचा वाद कोर्टात गेला की एका भांडणाचे चार खटले होतात: पोटगीचा, घरगुती हिंसाचाराचा, घटस्फोटाचा आणि मुलांच्या ताब्याचा. भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवणीत तारीख लागली, तर मजुरी बुडते आणि वकिलाची फी द्यावीच लागते. अशा कुटुंबांसाठी सरकारी खर्चाची एक वाट आहे: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मध्यस्थी.

हिचा पाया १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा. त्यानुसार स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ जुलै २००२पासून नव्या रूपात लागू झालं आणि खटला मध्यस्थाकडे पाठवण्याची तरतूद आली. के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या २०१३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खटला दाखल होण्याआधीच मध्यस्थीची सोय करण्यावर भर दिला.

मध्यस्थ हा सहसा प्रशिक्षित वकील किंवा न्यायाधीश असतो, पण इथे तो निकाल देत नाही. आधी दोघांना एकत्र ऐकतो, मग वेगवेगळं. तिथलं बोलणं गोपनीय राहतं, पुरावा म्हणून वापरता येत नाही. गावच्या बैठकीत सगळेच नात्यागोत्यातले; तिथे सुनेला जे सांगवत नाही, ते इथे सांगता येतं.

आणि बोलणी होतात ती रोजच्या जगण्याची. आंदणाची भांडी, दागिने कोणाकडे? दिवाळीला मूल कुठे? कोर्ट सहसा महिन्याची पोटगी ठरवतं. इथे धान विकल्यावर एकरकमी पैसे देण्याचंही दोघं ठरवू शकतात. सह्या झालेली तडजोड कोर्टापुढे जाते आणि तिच्यावर हुकूम होतो. जमलं नाही, तर खटला पुढे चालतो; कोणाचाच हक्क जात नाही.

मात्र जिथे मारहाण आहे, तिथे आधी संरक्षण हवं. भेदरलेल्या बाईची ‘समजूत काढणं’ म्हणजे मध्यस्थी नव्हे. किती जोडपी नांदायला परत गेली, एवढंच मोजणंही चूक. मुलांचं नीट ठरवून, देणंघेणं मिटवून सन्मानाने घेतलेली फारकत हेही या व्यवस्थेचं यशच आहे. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत प्रत्येक घरात १५१०० हा विधी सेवेचा मदत क्रमांक माहीत असायला हवा, आणि तोही वाद विकोपाला जाण्याआधी.