उशीखालची चिठ्ठी

आमचं सेलू कापसाचं गाव. दिवाळी सरली की कापसाच्या गाड्या लागतात, जिनिंगची धडधड रात्रीपर्यंत चालते. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा एक कोडं सुटत नसे. कापूस विकला, पैसे आले, तरी संक्रांतीला तीळ-गूळ उधारीवरच! एकदा अंथरुणं काढताना सासूबाईंच्या उशीखाली आकड्यांच्या चिठ्ठ्या सापडल्या. सासरे मटका लावायचे. "गप बस माय, कुणाला कळलं तर पोरीची लग्नं व्हायची न्हाईत," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या पाटल्या कुठं गेल्या, हे मग विचारावं लागलं नाही.

गंमत बघा, हा आकडाही कापसातूनच निघाला! न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे भाव मुंबईला यायचे, त्यावर लोक पैसे लावायचे. उघडतानाचा भाव 'ओपन', मिटतानाचा 'क्लोज'. १९६१ मध्ये ते बंद झालं, तर मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडे काढू लागले. म्हणून 'मटका'.

त्याचा हिशेब आपल्यालाही कळेल असा आहे. एका आकड्याला रुपयाचे नऊ मिळतात, पण आकडे असतात दहा. दहा जणींनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर एकीला नऊ मिळणार आणि एक चालवणाऱ्याच्या खिशात. रोज असंच. भिशीत निदान आपला रुपया आपल्याकडं परत तरी येतो!

मग शहाणी माणसं का लावतात? सासरे काही अडाणी नव्हते. पण पाऊस येईल का, बोंडअळी पडेल का, भाव मिळेल का... शेतकऱ्याचं अख्खं वर्षच डाव असतं. कष्टाचा भरवसा सुटला की माणूस नशिबाचा हात धरतो.

माझ्या पोराचंही तेच झालं. पदवी घेतली, पोलीस भरतीला दोनदा धावला, यादीत नाव नाही. हातात मोबाइल. पत्त्यांच्या खेळात आधी दोनशे जिंकला आणि मग चाळीस हजार घालवून बसला. "आई, एवढ्यांदा दे, बाबांना सांगू नको." मी बचत गटातून कर्ज काढून दिलं. तीन महिन्यांत पुन्हा तेच! त्या रात्री मला सासूबाईंची उशी आठवली. मी तरी वेगळं काय केलं होतं?

कायदे आहेत. जुगार प्रतिबंधक कायदा तर १८८७ चा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांसाठीही कायदा केला. पैशांचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, आणि ते मला पटतं. पण कायदा आपल्या उशीखाली कसा बघणार? आपण गुपचूप कर्ज फेडतो, तेव्हा पुढच्या डावाचं भांडवलच देत असतो.

शेवटी मी नवऱ्याला सांगितलं. वाटलं, आता पोराला मारतील. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आबांची चिठ्ठी लहानपणी मीच नेऊन द्यायचो."

आता पोराच्या फोनवर पैसे पाठवायची सोय ठेवलेली नाही. तो जिनिंगवर कामाला जातो, गटाचा हप्ता स्वतःच्या मजुरीतून भरतो. वहीतला हिशेब सगळ्यांसमोर होतो. जुगाराच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेनं आजार मानलंय, म्हणून १४४१६ या 'टेली-मानस'च्या मोफत क्रमांकावर त्याला बोलायला लावलं. पूर्ण सुटलं, असं मी म्हणणार नाही. मध्ये एकदा घसरला. पण या वेळी त्यानं स्वतःच येऊन सांगितलं.

मैत्रिणींनो, घराण्याची अब्रू झाकता झाकता आपण घरच गमावून बसतो. तुमच्या उशीखाली अशी एखादी चिठ्ठी असेल, तर आजच बाहेर काढा.