काठीच्या टोकावरचे कडे

पेन्सिलीच्या मागच्या टोकाला रबर धरून ठेवणारी पत्र्याची छोटी नळी आपण रोज पाहतो. रंगाच्या ब्रशाचे केस दांड्याला धरून ठेवते तीही अशीच नळी. सुताराच्या पटाशीच्या मुठीला कडे असते, मुसळाच्या टोकालाही असते. इंग्रजीत अशा कड्याला 'फेरूल' म्हणतात. याच कुळातले एक कडे अमेरिकेतल्या 'पूल' या लोकप्रिय खेळाच्या काठीवर असते. ते कशाचे करावे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

पूल हा बिलियर्ड्सच्या घराण्यातला खेळ. कापड लावलेल्या टेबलावर काठीने पांढरा चेंडू मारायचा आणि त्याच्या धक्क्याने दुसरा चेंडू खिशात पाडायचा. काठी बहुधा मेपलच्या लाकडाची, पुढे निमुळती. टोकाशी तिची जाडी सुमारे १३ मि.मी. असते. टोकाला चामड्याची चकती चिकटवलेली असते आणि तिच्या मागे हे कडे.

कडे हवेच कशाला? लाकडाचे तंतू काठीच्या लांबीच्या दिशेने असतात. सरपण फोडताना कुऱ्हाड आपण त्याच दिशेने घालतो, कारण तंतू एकमेकांपासून सहज सुटतात. तडाख्यामागून तडाखे बसले की उघड्या लाकडाच्या टोकाला चीर जाते. कडे तंतूंना बांधून ठेवते.

मग पितळेचे कडे सर्वांत उत्तम, असे कोणीही म्हणेल. थोडे गणित करू. कड्याची लांबी २५ मि.मी., बाहेरचा व्यास १३ मि.मी. आणि आतल्या लाकडी खुंटीचा ८ मि.मी. धरला, तर कड्याचे घनफळ सुमारे २ घन सें.मी. येते. पितळेची घनता ८.५, हस्तिदंताची सुमारे १.८ आणि 'ए.बी.एस.' या प्लॅस्टिकची १.०५. म्हणजे पितळेचे कडे १७ ग्रॅमचे, हस्तिदंताचे साडेतीन-चार ग्रॅमचे आणि प्लॅस्टिकचे दोन ग्रॅमपेक्षा किंचित अधिक. पण संपूर्ण काठी असते ५४० ग्रॅमच्या आसपास! एवढ्या वजनात या दहा-पंधरा ग्रॅमांची काय मातब्बरी?

येथेच गंमत आहे. चेंडूला फिरकी देण्यासाठी खेळाडू तो मध्याच्या बाजूला मारतो. समजा, उजवीकडे मारला. चेंडू पुढे जाता जाता फिरू लागतो आणि त्याचा टोकाशी भिडलेला पृष्ठभाग उजवीकडे सरकतो. तो काठीचे टोकही उजवीकडे ढकलतो. टोकाला उजवीकडे संवेग मिळाला, तर संवेगाच्या अक्षय्यतेनुसार चेंडूला तितकाच डावीकडे मिळायला हवा. आणि तो मिळतो. त्यामुळे चेंडू नेम धरलेल्या रेषेपासून एखाद-दोन अंशांनी डावीकडे निघतो. दोन अंश म्हणजे एक मीटरवर साडेतीन सें.मी. ची चूक. चेंडूचा व्यासच मुळी ५.७ सें.मी. असतो!

टोक जितके जड, तितका हा आडवा संवेग अधिक. मात्र या हिशेबात अख्खी काठी धरायची नसते. चेंडू आणि टोक यांचा स्पर्श जेमतेम एक हजारांश सेकंद टिकतो. लांब दोरीच्या एका टोकाला हिसका दिला तर दुसऱ्या टोकाला तो उशिरा कळतो; तसेच येथे घडते. तेवढ्या वेळात आडव्या धक्क्याची लाट काठीत वीतभरच मागे पोचते. मुठीकडच्या वजनाला त्याची दादही नसते. त्या वीतभर लाकडाचे वजन पंधरा-वीस ग्रॅम, आणि त्यातही सर्वांत अधिक हलतो तो अगदी टोकाचा भाग, म्हणजे कड्याचाच. आता १७ ग्रॅमचे पितळ किती महाग पडेल ते पाहा.

हे घरी करून पाहता येईल. प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरा, अर्धी बाहेर ठेवा आणि टोक छेडा. मग टोकाला कणकेचा गोळा चिकटवून पुन्हा छेडा. पट्टी आता सावकाश हलेल. तोच गोळा टेबलाच्या कडेजवळ चिकटवला तर मात्र फारसा फरक पडणार नाही.

पण स्नूकरच्या काठ्यांना तर पितळेचेच कडे असते, अशी शंका एखादा विद्यार्थी नक्की काढील. (हा खेळ १८७५ साली आपल्या जबलपूरला जन्मला, असे मानतात.) खरे आहे, पण तेथे टोकच साडेनऊ-दहा मि.मी. जाडीचे, आणि कडे जेमतेम सेंटिमीटरभर लांब व पातळ भिंतीचे. त्याचे वजन दोन-अडीच ग्रॅमच भरते.

पूलच्या उंची काठ्यांना पूर्वी हस्तिदंती कडी असत. चेंडूही हस्तिदंताचेच; त्यांना पर्याय शोधताना अमेरिकेत १८६०च्या दशकात जॉन वेस्ली हायट यांनी सेल्युलॉइड पुढे आणले. कड्यांसाठी मात्र 'हस्तिदंताची सर कशालाच नाही' हा समज पुष्कळ टिकला. आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय १९८९ साली झाला. आकडे मात्र हस्तिदंताच्या बाजूने कधीच नव्हते : ते प्लॅस्टिकहून जड, शिवाय तडकणारे. मेलामाइन कठीण आणि टिकाऊ; ए.बी.एस. हलके. १९९०च्या दशकापासून काठीचे टोक आतून पोकळ करून त्यावर आखूड, हलके कडे बसवण्याची पद्धत रूढ झाली ती याच हिशेबाने.

राहिला रंग. पांढरा रंग हा हस्तिदंताचा वारसा. रंगाने तडाख्यात काही बदल होत नाही; बदल होतो तो पाहण्यात. हिरव्या कापडावर पांढऱ्या कड्याची कडा ठळक दिसते आणि टोक चेंडूच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते जोखता येते. उलट, गडद कड्यावर खडूचे निळे डाग कमी दिसतात. कार्बन तंतूंच्या काळ्या काठ्या आल्यापासून काही खेळाडू काळे कडे पसंत करतात, तर काहींना त्या काळ्या काठीवरही पांढरेच हवे असते.