लहान तोंडाचा बास : नाव आणि ओळख

भाषेच्या अभ्यासकाने मत्स्यविद्येत डोकवावे, याला निमित्त एका नावाचे झाले. उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील ‘स्मॉलमाउथ बास’ या माशाचे शास्त्रीय नाव ‘मायक्रॉप्टेरस डोलोमियू’ असे आहे. प्रजातीचे हे नाव फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याने १८०२ मध्ये दिले. मायक्रॉप्टेरस म्हणजे लहान पराचा. वस्तुतः या माशाचा पर मुळीच लहान नाही. लासेपेदच्या हाती आलेल्या नमुन्याच्या पाठीवरील पराच्या मागील काही शलाका तुटून सुट्या झाल्या होत्या. तो तुकडा त्यास स्वतंत्र चिमुकला पर वाटला. एका जखमी माशाचे व्यंग अशा रीतीने सबंध प्रजातीचे नाव होऊन बसले, आणि नामकरणातील अग्रक्रमाच्या नियमामुळे ते आजही टिकून आहे.

‘बास’ हा शब्दही फसवाच. जर्मन ‘बार्श’शी नाते असलेला, मुळात काटेरीपणा सुचविणारा हा युरोपीय माशांचा शब्द वसाहतकारांनी नव्या भूमीतील माशाला लावला. प्रत्यक्षात हा मासा सनफिश कुलातील आहे.

तेव्हा ओळख पटवावयाची ती शरीरावरूनच. तोंड मिटलेले असता वरच्या जबड्याचे टोक डोळ्याच्या मागील कडेपलीकडे गेले, तर तो ‘लार्जमाउथ’. डोळ्याखालीच थांबले, तर स्मॉलमाउथ. पहिल्याच्या कुशीवर आडवा काळसर पट्टा असतो, दुसऱ्याच्या अंगावर उभे पिंगट पट्टे. रंगावर मात्र विसंबू नये. पाण्यागणिक तो पालटतो.

लार्जमाउथ पाणवनस्पतींनी भरलेल्या संथ पाण्यात रमतो. स्मॉलमाउथ शोधावा तो थंड, निवळ, खडकाळ पाण्यात. क्रेफिश हे त्याचे आवडते भक्ष्य असल्याने तळालगत दगडांच्या आडोशाने सरकणारे आमिष उपयोगी पडते. वसंतात पाणी सुमारे १५ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की नर खडीत घरटे करून अंड्यांची राखण करतो. जवळ येणाऱ्या कशावरही तो झडप घालतो, म्हणून गळाला सहज लागतो. (याला कौशल्य म्हणावे काय, हा प्रश्नच आहे.) त्यास लगेच सोडून दिले, तरी तेवढ्या अवधीत इतर मासे अंडी फस्त करू शकतात. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या बऱ्याच भागांत या काळात बासच्या मासेमारीस बंदी असते, ती यासाठीच.

टेक्ससमध्ये ओळखीचा प्रश्न अधिक बिकट झाला. १९७० नंतरच्या दशकात तेथील पाण्यात स्मॉलमाउथ बाहेरून आणून सोडण्यात आले आणि स्थानिक ग्वाडलूप बासशी त्यांचा संकर झाला. संकरित मासा नुसत्या डोळ्यांनी निश्चित ओळखता येतोच असे नाही. जनुकीय चाचणीच करावी लागते. ज्या ग्वाडलूप बासला १९८९ मध्ये राज्यमत्स्याचा मान मिळाला, त्याचीच शुद्ध पिल्ले वाढवून पुढे नद्यांत सोडावी लागली.