खारपाणपट्ट्यातल्या शेततळ्यामागचं कर्ज: जागतिक बँकेच्या रोख्यांना नियमांतून सूट का? समजून घ्या

अकोला, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागलं, तरी ते पिकाला चालेलच असं नाही. त्यामुळे शेततळं आणि तुषार संचाला मागणी. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे 'पोकरा'त, शेतकरी आधी खिशातून खर्च करतो, मग अनुदान खात्यात जमा होतं. सुमारे 4 हजार कोटींच्या या प्रकल्पात 70 टक्के वाटा जागतिक बँकेच्या कर्जाचा. 2018 मध्ये 42 कोटी डॉलरचा करार झाला.

बँकेकडे पैसा येतो कुठून?

जागतिक बँकेत सामान्य ठेवीदार नसतात. तिची कर्ज देणारी संस्था, आयबीआरडी, बाजारात रोखे विकून पैसा उभा करते. पोकरासाठी वेगळा रोखा निघत नाही. सगळा पैसा एकाच हौदात जातो. बँकेला तो जितक्या व्याजाने मिळतो, त्यावर थोडी भर घालून पुढे कर्ज दिलं जातं. म्हणून रोखे विकण्याचा खर्च वाढला, तर तो कर्जदारापर्यंत पोहोचतो.

मग सूट कसली?

बँकेने पहिले रोखे 1947 मध्ये न्यूयॉर्कमध्ये विकले, 25 कोटी डॉलरचे. अमेरिकेत कंपनीला रोखे विकण्याआधी बाजार नियामकाकडे नोंदणी करून सविस्तर माहितीपत्रक द्यावं लागतं. 1949 मध्ये अमेरिकी संसदेने कायदा बदलून बँकेच्या रोख्यांना या नोंदणीतून वगळलं. युक्तिवाद असा, की तिचे भागधारक खुद्द देशांची सरकारं आहेत. आशियाई विकास बँकेलाही 1966 मध्ये अशीच सवलत मिळाली.

ही मोकळीक पूर्ण नाही. बँकेला नियामकाकडे ठरावीक अहवाल द्यावे लागतात, फसवणूकविरोधी तरतुदी लागू राहतात आणि नियामक सूट स्थगितही करू शकतो.

आपल्याकडची तुलना बोलकी आहे. पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाणी योजनेसाठी 200 कोटींचे रोखे काढले, तेव्हा सेबीचे 2015 चे नियम, पतमानांकन, शेअर बाजारात नोंदणी, सगळं करावं लागलं. उद्या अकोला किंवा अमरावती महापालिकेने रोखे काढायचे ठरवले, तर तिलाही हाच रस्ता.

खरी अडचण कुठे?

रोख्यांवरची सूट गुंतवणूकदाराच्या फारशी अंगाशी येत नाही. बँकेची पत सर्वोच्च आहे. प्रश्न येतो तो ज्यांच्या गावात पैसा खर्च होतो त्यांचा. सवलतींच्या याच कुटुंबात न्यायालयीन संरक्षणही येतं. गुजरातमधील मुंद्राच्या मच्छीमारांनी वीज प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या आयएफसीला, म्हणजे जागतिक बँक समूहातल्याच संस्थेला, अमेरिकेत कोर्टात खेचलं. अशा संस्थांना सरसकट संरक्षण नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं. तरीही मच्छीमारांचा दावा पुढे फेटाळला गेला, कारण वादाचं मूळ अमेरिकेत नव्हे, भारतात असल्याचं खालच्या न्यायालयाचं म्हणणं होतं. मुद्दा जिंकला, खटला हरला.

इथल्या कर्जाचं पुन्हा वेगळं गणित आहे. कर्ज केंद्र सरकार घेतं आणि त्याच अटींवर राज्याकडे वळतं करतं. डॉलर महागला, तर बोजा राज्याच्या तिजोरीवर.

कोर्टाबाहेर एक दार उघडं आहे. आयबीआरडीच्या कर्जातल्या प्रकल्पामुळे नुकसान झालं असेल, तर किमान दोन बाधित व्यक्ती बँकेच्या 1993 पासूनच्या तपासणी पॅनलकडे अर्ज करू शकतात. मराठीतही.